बैलाला न पाजलेली बाटली

ती घटना मला आजही आठवते; आणि ज्यांनी ती पाहिलीच नाही, त्यांना ती माझ्यापेक्षा अधिक आठवते, ही माझी तक्रार आहे.

गेल्या पोळ्याला आमच्या भागातील एका पत्राने असे छापले की, सत्तरच्या दशकात एका ठाणेदाराने ऐन सणाच्या दिवशी बैलाला विषारी सरबत पाजले, बैल तेथेच कोसळला आणि ते पाहून कारखानदाराने गुन्हा कबूल केला. माझ्याच खात्यातील एक निवृत्त सहकारी चारचौघांत सांगतात की, कारखान्यातील कारागिराला पट्ट्याने फोडून काढल्याशिवाय तो बोललाच नसता. एका पुढाऱ्याच्या गौरव अंकात तर असे आहे की, त्यांनी मोर्चा काढला म्हणून पोलीस जागे झाले. तो ठाणेदार मी. बैल कोसळला नाही, पट्टा उचलला गेला नाही, आणि ते पुढारी त्या दिवशी सासुरवाडीला होते. मी कोणाचेही नाव घेणार नाही. परंतु जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहून ठेवणार आहे.

वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्याचा तालुका होता. वाशीमहून रिसोडकडे जाताना लागणाऱ्या एका बाजाराच्या गावात माझे ठाणे होते. कौलारू इमारत, पुढे कडुनिंब, आत एक कोठडी, मुद्देमालाची एक खोली आणि पाऊस आला की बंद पडणारा टेलिफोन. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग बांधावरची भांडणे. गावात सोड्याचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड, एक वायूचे यंत्र, साखरेच्या पाकाच्या कढया आणि बाटल्या धुण्याचे हौद. तेथे काचेच्या गोळीचा सोडा तयार होई आणि लहान मुलांसाठी 'संत्र्याची बाटली'. तिच्यात संत्रे कधीच नव्हते. पाक, लिंबूसत, अर्क आणि रंग एवढेच होते. शाळेच्या फाटकापाशी, बाजारात, एस.टी. थांब्यावर, जेथे मूल तेथे ती बाटली. मालक सधन शेतकरी होता, गाव त्याला पाटील म्हणे, शाळेला दोन खोल्या त्याने बांधून दिल्या होत्या, आणि पोळ्यातील मानाची जोडी त्याच्या घरची असे.

त्या वर्षी श्रावण संपत आला असताना मुले आजारी पडू लागली. उलट्या, पोटात मुरडा, लघवीला पिवळाजर्द रंग. दवाखान्याच्या व्हरांड्यात आया लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या मी रोज पाहत होतो. डॉक्टरांना मी विचारले. ते सज्जन आणि सावध गृहस्थ होते.

"पावसाळा आहे, विहिरींचे पाणी गढूळ आहे. बाटलीचा संशय मलाही येतो. पण संशय मी कागदावर लिहू शकत नाही."

अन्न निरीक्षक अकोल्याला बसत. त्यांना बिनतारी संदेश धाडला. पोळा उलटल्यावर येतो, असे उत्तर आले. एका माणसाकडे एवढा मोठा जिल्हा होता, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते येणार, नमुना घेणार, लाखेचे सील लावणार, तो प्रयोगशाळेत जाणार, अहवाल येणार. कायद्याची वाट अशी होती, आणि त्या वाटेवर लेकरू किती वेळ तग धरेल याचा विचार कायद्यात नव्हता. भेसळीचे कलम भारतीय दंड विधानात होते, परंतु तो गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय मला तपास करता येत नव्हता. विषारी पदार्थाबाबत हयगय केल्याचे कलम मात्र दखलपात्र होते. ते लावायचे तर आधी मला माहीत हवे होते की, बाटलीत नेमके आहे काय.

माझी धाकटी मुलगी तेव्हा दुसरीत होती. त्या दिवसांत मी घरी गेलो की गणवेश उतरवण्याआधी तिला जीभ दाखवायला सांगत असे.

"काय पाहता रोज तिच्या तोंडात?" पत्नीने एकदा विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. रात्री मुलगी कुशीवर वळली तरी मला जाग येत होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात आणि बैलाच्या कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.' त्या दिवशी दुपारी बौद्ध वस्तीतील एक बाई ठाण्यात आली. हेड कॉन्स्टेबल तिला बाहेरूनच वाटेला लावत होते. मी आत बोलावले. तिने तक्रार सांगण्याऐवजी दोन्ही तळवे माझ्या टेबलावर उताणे ठेवले. हात कोपरापर्यंत नारिंगी झालेले होते.

"आमी बाया बाटल्या धुऊन राह्यलो कारखान्यात. फुटली बाटली का हातावर येते. आधी साबणानं जाये साहेब, आता राखेनं घासलं तरी जाऊन नाही राह्यलं."

"कधीपासून?"

"मागच्या बाजारापासून. रंगच दुसरा हाये तो. मायी पोरगी दवाखान्यात पडेल हाये. मीच देल्ली तिले बाटली, फुकट भेटते म्हणून."

"जबाब लिहून देशील?"

तिने हात मागे घेतले.

"नाव नोका लिहू जी. अन् कारखाना बंद नोका करू. रंग बंद करा."

"दोन्ही एकदम कसे होईल, बाई?"

"थे तुमी पाहा. साहेब तुमी हाये का मी?"

जाता जाता तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच मला त्या रात्री झोपू देईना. परवा तान्हा पोळा होता. लहान मुले लाकडी बैल घेऊन निघतात, त्यांना खाऊ देतात. मालकाने त्या वर्षी गावातील प्रत्येक मुलाला एक बाटली फुकट देण्याचे ठरवले होते. दवंडी झाली होती. खोकी भरून रचलेली होती.

मी तडक कारखान्यावर गेलो. मालकाने खुर्ची दिली, चहा मागवला. शेडमध्ये काम चालू होते. ती बाई हौदापाशी मान खाली घालून उभी होती. मी रंगाविषयी विचारले.

"रंग अकोल्याहून येते साहेब, सरकारमान्य. डबा पाहा." डबा खरोखरच सरकारमान्य होता, तो जवळजवळ रिकामा होता हे मी पाहिले, परंतु त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"मुले आजारी आहेत. परवाचे वाटप पुढे ढकला."

"पुढे ढकललं का गाव म्हणन, बाटलीत जहर होतं. मंग मायी बाटली कोण घेईन? या साऱ्या बाया कुठी जातीन? इथची बाटली बंद पडली का शहरातली येईन, बर्फात थंडी करून. तिच्यात काय हाये थे कोण तपासते जी? तुमी?"

मी अनेक व्यापारी पाहिले आहेत. खोटे बोलणारा माणूस गरजेपेक्षा अधिक बोलतो. हा मोजके आणि मुद्द्याचे बोलत होता, आणि त्यातील शहराच्या बाटलीचा मुद्दा मला खोडता आला नाही. तेवढ्यात त्याने खोक्यातून एक बाटली उचलली, फोडली आणि सर्वांच्या देखत एका दमात रिकामी केली.

"घ्या! मेलो काय?"

शेडमध्ये हशा पिकला. हमाल हसले, गाडीवाले हसले. मी ठाण्यात परतलो तेव्हा गावातील व्यापाऱ्यांचे शिष्टमंडळ माझ्याआधीच व्हरांड्यात बसले होते. सणासुदीला धंदा बिघडवू नका, असे त्यांचे विनयपूर्वक म्हणणे होते. वर सांगावे लागेल, असेही एकजण तितक्याच विनयाने म्हणाला. तहसीलदारांना भेटायला मी माणूस पाठवला; ते पुराच्या पाहणीसाठी नदीकाठच्या गावांत अडकले होते. माझ्या हातात दोन नारिंगी तळव्यांखेरीज काहीच नव्हते, आणि त्या तळव्यांचे नावही मला लिहिता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पोळा. ज्यांनी वऱ्हाडातील पोळ्याचा बंदोबस्त केला नाही, त्यांना वाटते की तो बैलांचा सण आहे. ठाणेदाराच्या दृष्टीने तो मानाचा सण असतो. तोरणाखाली कोणाची जोडी पुढे, यावरून डोकी फुटतात. मी तोरणाच्या दोरीच्या बाजूला उभा होतो. नजर गर्दीवर, मन दवाखान्यात. सकाळी त्या बाईच्या मुलीला पाहून आलो होतो. डोळे खोल गेले होते, आणि डॉक्टरांनी या खेपेस पाण्याचे नाव काढले नव्हते.

डफडी वाजू लागली. एक ढवळा बैल बुजला, बाजूला सरला आणि त्याची कूस माझ्या दंडाला घासून गेली. मी हाताने बाही झटकली. आमच्याकडे बैलाच्या अंगावर रंगाचे गोल ठिपके उठवतात. बहुतेकांचे ठिपके गेरूचे. गेरू वाळला की झटकताच जातो. हा गेला नाही. रुमाल ओला करून घासला. डाग पसरला, परंतु निघाला नाही. खाकीवर तो नारिंगी गोल पाहत मी उभा राहिलो. तो रंग मी आदल्या दिवशी माझ्याच टेबलावर पाहिला होता.

"ही जोडी कोणाची?" मी हेड कॉन्स्टेबलांना विचारले.

"कारखान्यातला कारागीर नाही का साहेब, पाक करणारा? त्याची."

लोक म्हणतात, मी त्याला गर्दीतून फरफटत नेले. चूक. तोरण तुटून जोड्या पांगेपर्यंत मी थांबलो. सणाच्या दिवशी माणसाला त्याच्या बैलांसमोर पकडू नये, एवढी अक्कल मला होती. तोरण तुटल्यावर त्याला जोडीसकट ठाण्यात येण्यास सांगितले. तो आला. बैल कडुनिंबाला बांधले, त्याला आत खुर्ची दिली. होय, खुर्ची. उकिडवा बसवलेला माणूस भीतीपोटी काहीही कबूल करतो. खुर्चीवर बसवलेल्याला विचार करावा लागतो. पट्ट्याची गोष्ट सांगणारे माझे सहकारी तेव्हा नांदुऱ्याकडे नेमणुकीला होते, हेही येथेच नोंदवतो.

"बैलांवर रंग कोणता लावलास?"

"बाजारातला जी. पोळ्याचा. डब्यावर बैलाचं चित्र राह्यते."

"आणि बाटलीत?"

तो जमिनीकडे पाहत बोलू लागला. अकोल्याचा रंग संपत आला होता, पार्सल आले नव्हते, आणि मालकाची पोळ्याची मागणी डोक्यावर होती. घरी बैलासाठी आणलेला डबा होता. पाण्यात विरघळला, रंग तस्साच आला, उलट अधिक झळाळी.

"मालकाला सांगितलेस?"

"त्यानं इचारलं नाही. 'रंग झाला काय' म्हणे. झाला म्हटलं."

"अरे, तो खाण्याचा रंग आहे का?"

यावर तो जे बोलला ते एखाद्या बनेल गुन्हेगाराला सुचले नसते. तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, बैल सारा दिवस आंग चाटते. दरसाल चाटते. त्याले काई होत नाही. बैलाले चालते तं लेकराले काहून नाही चालन? देवाचा रंग हाये थो."

त्याच्या मनात पाप नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो. परंतु पाप नसलेल्या हातांनी भरलेली ती खोकी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटणार होती. शाळेच्या फाटकापाशी विकत घेऊन मी टेबलावर ठेवलेली बाटली उचलली, त्याला बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेलो आणि बाटली त्याच्या हाती दिली.

"पाज."

"कोणाले?"

"याला. चालते म्हणतोस ना? चाटून जेवढा पोटात जातो तो थेंबभर. ही बाटलीभर आहे, गावातील एका लेकराने घ्यावी तेवढी. पाज तुझ्या बैलाला."

त्याने बाटली धरली. ढवळ्याने मान पुढे केली, हुंगले. कारागिराने झटकन बाटली पाठीमागे नेली.

"नाही जी."

"का रे?"

"एकच जोडी हाये मायी. अन् काल आवतन देल्लं त्याले, खांदे शेकले. आज जेवायले बलावलं अन् हे पाजू काय?"

"उद्या गावातील लेकरांनाही आवतनच दिले आहे. दवंडी पिटून."

तो बैलाच्या गळ्यात हात टाकून रडू लागला. मी त्याला बोटही लावले नव्हते. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात टिकत नाही; आरोपीने दाखवलेल्या जागेतून निघालेली वस्तू मात्र टिकते. म्हणून दोन पंच घेतले. त्याने गोठ्यातील डबा दाखवला, मग कारखान्यातील पाकाच्या कढईमागचा दुसरा. दोन्हींवर बैलाचे चित्र. पंचनामा झाला, सील झाले. आता विषारी पदार्थाच्या हयगयीचे कलम लावण्यास माझ्याकडे आधार होता. तरीही मला धास्ती होती. मालक अडून बसला, रातोरात खोकी वाड्या-वस्त्यांवर निघून गेली, तर मी कोणकोणत्या मुलाच्या हातातून बाटली हिसकावणार होतो?

दिवे लागले होते. मालकाच्या दारात मानाच्या जोडीची पूजा चालू होती; परातीत पुरणपोळ्या, त्याच्या पत्नीच्या हाती निरांजन, भोवती शेजारीपाजारी.

"ठाणेदारसाहेब, या! जेवूनच जा."

मी डबा त्याच्यासमोर धरला आणि कारागिराने काय केले ते दोन वाक्यांत सांगितले. त्याचा चेहरा उतरला, परंतु चारचौघांत माणूस सहजी माघार घेत नाही.

"काल तुमच्यासमोर पेलो ना मी? हा पाहा, उभा हावो."

"तुम्ही साठीचे, धडधाकट. आता एक या मानाच्या बैलाला पाजा. पाजलीत तर मी माघारी जातो, उद्या वाटपाला स्वतः उभा राहतो."

त्याने हट्टाने पाजली असती तर? मी बरोबर आणलेली बाटली त्याच्या हातात दिली. लोक सरकून पुढे आले. त्याने बैलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात त्याच्या पत्नीने निरांजन खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी बैलाचे तोंड झाकले.

"नोका पाजू जी," ती म्हणाली. "आजच्या दिवशी नोका पाजू."

"अन् उद्या?" गर्दीतून एक म्हातारी बोलली. "उद्या आमच्या नातवायले चालते काय ओ, पाटील?"

कोणी हसले नाही. मालकाने बाटली ओट्यावर ठेवली, कमरेची कारखान्याची किल्ली काढली आणि माझ्या हातावर दिली. ही जप्ती नव्हती. त्याने माल स्वाधीन केला, आणि पंचनाम्यात तसेच लिहिलेले आहे. माझ्यावर पुढे जे अधिकारबाह्य कारवाईचे आरोप झाले, त्यांना उत्तर 'स्वाधीन' या एका शब्दात आहे.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी खोकी माझ्या मुद्देमालाच्या खोलीत होती, आणि जी तेथे मावली नाहीत ती कोठडीत. लाकडी बैल ओढत मुले शाळेपुढे जमली. माझी मुलगीही त्यांत होती. बाटली नाही हे कळताच त्यांनी जो गलका केला, तसा मी कुठल्या दंगलीतही ऐकला नाही. मालकाने स्वतः उभे राहून फुटाणे आणि गूळ वाटला. एका पोट्ट्याने गूळ घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवून मित्राला सांगितले, "थो पाह्य! त्यानंच साऱ्या बाटल्या पेल्या!"

आजारी मुले हळूहळू बरी झाली. त्या बाईची मुलगी सर्वांत शेवटी उठली. कारखाना मात्र अहवाल येईपर्यंत बंद राहिला. तळवे दाखवणारी ती बाई एकदा रस्त्यात भेटली. शेतात निंदणाला निघाली होती, खांद्यावर तीच पोरगी.

"पोरगी वाचली साहेब," ती म्हणाली. "मजुरी गेली." तिने ते तक्रारीने म्हटले नाही आणि आभारानेही नाही. मी तिचे नाव कोणाला सांगितले नव्हते, आजही सांगत नाही. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला, अकोल्याच्या रंगावर, आणि मालकाने सर्व बाया परत घेतल्या. पाक करायला कारागीर तोच ठेवला. यापुढे रंगाकडे सर्वांत जास्त लक्ष हाच देईल, असे मालक मला म्हणाला, आणि ते खरे ठरले. न्यायालयात दोघांना दंड झाला. माझी बदली झाली. ती शिक्षा नव्हती असे माझे वरिष्ठ म्हणत. ती शिक्षाच होती, आणि मी ती ताठ मानेने घेतली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. माणसे स्वतःच्या अंगावर धोका घेऊन खरेपणा सिद्ध करू पाहतात. त्या शौर्याला भुलू नये. प्रौढाने एक बाटली पिऊन दाखवणे हा पुरावा नव्हे. धंदा बुडेल ही भीती खोटी नसते, ती हौदापाशी उभ्या असलेल्या बाईचीही असते. म्हणून धंद्याला शत्रू मानणारा अधिकारी अर्धेच काम करतो. परंतु तपासाची वाट आणि लेकराचे पोट यांत ज्याला थांबता येते त्याने थांबावे, आणि लेकराला थांबता येत नाही. एवढेच मला कळले.

आता माझा नातू दुकानापुढे उभा राहून झळाळत्या बाटलीसाठी हट्ट धरतो. तिच्यावर सर्व काही छापलेले असते, सर्व काही मान्यताप्राप्त असते. मी दुकानदाराला एकच विचारतो, "ही तू तुझ्या बैलाला पोळ्याच्या दिवशी पाजशील का?" तो हसतो. म्हातारा चळला, असे माझ्या मागे म्हणतो, हेही मला ठाऊक आहे. म्हणू द्या. हो मात्र अजून एकानेही म्हटलेले नाही.